अकरा महिन्यांची नदी

रविवारची जेवणं आटोपून आई आत भांडी विसळते आहे आणि रेवती बाहेरच्या खोलीत दिवाणावर आडवी झाली आहे. झोपायचं मुळीच नाही. उद्या सकाळी पुण्यात नव्या मुलांच्या तुकडीपुढे पहिला तास घ्यायचाय, संध्याकाळची गाडी आहे, आणि त्याआधी टिपणं एकदा नजरेखालून घालायची आहेत. पण पोटात आईच्या हातची वरणफळं आहेत, डोक्यावर पंखा आहे, पडद्यातून येणारा उजेड पिवळट झालाय. हातातले कागद छातीवर येतात. भांड्यांचा आवाज जवळ येतो, लांब जातो, आणि लांब गेल्यावर त्याची लय बदलते. टक. टक-टक. टक. वाट्या-ताटल्या अशा वाजत नाहीत. कुणीतरी दोनच बोटांनी टायपिंग करतंय.

दोन बोटांनी, इतक्या जोरात टायपिंग करणारा माणूस तिला एकच माहीत आहे. त्याला जाऊन आठ महिने झाले.

ती मान वळवते. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसलेत. अंगात कचेरीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, चष्मा कपाळावर. त्यांच्यासमोर कळफलक आहे, पण मॉनिटर नाही. मॉनिटरच्या जागी तूप-मेतकुटाची डबी आहे आणि ते तिच्याकडे एकटक बघत टायपिंग करताहेत.

"चपला बाहेर काढ," ते न बघता म्हणतात. "धूळ येते आत."

दिवाणावर निजलेल्या माणसाच्या पायात चपला कुठल्या? पण आहेत. ती उठून उंबऱ्याशी त्या काढते आणि आत पाऊल टाकते, तर फरशी पोकळ वाजते. पायाला गारठा लागतो. टेबलापलीकडे ओटा नाही. कचेरीतली यंत्राची खोली आहे, वायरींसाठी मुद्दाम उंच केलेली फरशी आहे, आणि कोपऱ्यात ते करडं-जांभळं मशीन घरघरतंय. सोलॅरिसचं मशीन. बाबांनी त्याच्यापाशी बावीस वर्षं काढली.

"बस. तुझ्याशी बोलता बोलता काम होईल माझं," ते म्हणतात. "एआयएक्स झालं का शिकून?"

"झालं बाबा. बीएसडीही झालं. आता कुणी विचारत नाही पण."

"कुणी विचारलं नाही म्हणून काय झालं? आपण काय पाहुणे विचारतील म्हणून शिकत होतो?"

ती हसते. हसताना तिला जाणवतं, की ते गेलेत हे तिला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे, आणि त्याबद्दल बोलायचं नाही असं दोघांचं ठरलेलं आहे. न बोलायचं ठरवून घेणं या दोघांना नवीन नाही.

बाबा, म्हणजे गजानन राजूरकर, नदीमापनाच्या कचेरीत होते. जिल्ह्यातल्या नद्यांवर चौदा ठिकाणी पाण्यात मोजपट्ट्या रोवलेल्या असत. रोज सकाळी आठ वाजता तिथला माणूस पाणी किती चढलं, किती उतरलं ते बघून कळवायचा, आणि राजूरकर तो आकडा मशीनमध्ये भरायचे. रेवती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना बापलेकीनं हा नवा नाद एकदमच लावून घेतला. कचेरीत सोलॅरिस, तिच्या कॉलेजात लिनक्स; कॉम्प्युटर चालवणाऱ्या या दोन्ही प्रणाली युनिक्सच्या घराण्यातल्या. बाबा म्हणायचे, ही सगळी चुलत भावंडं आहेत. चेहरेपट्टी सारखी, पण प्रत्येकाच्या घरची रीत निराळी. एकाकडे आलेल्याला थेट स्वयंपाकघरात नेतात, दुसऱ्याकडे ओसरीवरच पाणी देतात. म्हणून त्यांनी शंभर पानी वही आडवी धरून चार रकाने आखले होते: लिनक्स, सोलॅरिस, बीएसडी, एआयएक्स. तेच काम चौघांकडे कसं करतात ते लिहायचं. रात्री जेवणानंतर एकमेकांना प्रश्न घालायचे. हरेल त्यानं सकाळचं दूध आणायचं. त्या वर्षी दूध बहुतेक बाबांनीच आणलं.

त्यांचं वय तेव्हा एक्कावन्न. हौस होतीच, पण हौसेपलीकडचं एक कारणही होतं. पुण्याच्या एका कंपनीला चारही भावंडं सांभाळणारा माणूस हवा होता आणि राजूरकरांची पहिली मुलाखत पार पडली होती. दुसरी दिवाळीनंतर होती. ते कचेरीत कुणाला बोलले नव्हते. घरी मात्र आईनं पुण्यातल्या भाज्यांचे भाव विचारायला सुरुवात केली होती.

"तुझा तास बघितला मी," बाबा म्हणतात.

रेवती त्यांच्याकडे वळते. "कुठला?"

"तो फोनवर आला होता ना, कुणीतरी पाठवलेला. तू काळ्या फळ्यापुढे उभी. गळ्यात ओळखपत्र. तीनदा बघितला. छान शिकवतेस. घाई नाही करत."

"बाबा, त्यात मी..."

"गृहस्थ म्हणालीस. 'एका सरकारी कचेरीत एक गृहस्थ होते.' ते आवडलं मला. तुझ्या वयाची माणसं सरळ म्हातारा म्हणतात."

ती मुलं खळखळून हसली होती. दरवर्षी हसतात. एक गृहस्थ होते, आयुष्यभर एकाच मशीनपाशी बसलेले, आणि एका दिवशी आपली खोली झाडायला म्हणून बसले आणि सगळं घरच झाडून टाकलं. हा किस्सा तिनं पहिल्यांदा सांगितला तो स्वतःच्या नोकरीच्या मुलाखतीत. समोरच्या तिघांनी माना डोलावल्या होत्या, एकानं टेबलावर थाप मारली होती. या पोरीला नुसतं लिनक्स येत नाही, फरक कळतात, असं त्यांना वाटलं. नोकरी मिळाली. बाबांनी कचेरीत पेढे वाटले.

"फक्त एक चुकलं," बाबा म्हणतात. "तू बारा ठाणी म्हणालीस. चौदा होती."

"बाबा, आपण कुठे आहोत?" ती विचारते. कारण फरशी आता ओली आहे. पावलं बुडली आहेत.

ते पहिल्यांदा तिच्याकडे बघतात. डोळ्यांत तीच जुनी खोडी. "हे तेव्हा विचारायचं होतंस, बाई. तीन अक्षरं टाइप करायची. आपण कुठे उभे आहोत ते मशीन लगेच सांगतं."

आणि ती खुर्चीत आहे. वीस वर्षांची, दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेली, बाबांचा डबा घेऊन कचेरीत आलेली. डबा खिडकीत ठेवलाय. बाबा साहेबांच्या सहीसाठी वर गेलेत. जाताना म्हणालेत, "डिस्क भरलीय, सकाळपासून रडतंय बिचारं. हात लावू नकोस, नुसतं बघ काय काय वेगळं दिसतंय ते." मशीनमध्ये ते रूट म्हणून शिरलेले आहेत. रूट म्हणजे घराचा मालक. त्याला कुणी अडवत नाही, त्याला कुणी 'नक्की ना?' म्हणून विचारत नाही. तिच्या लिनक्समध्ये या मालकाला स्वतःची एक लहानशी खोली असते, आणि तिथे कायम अडगळ साचते. घरच्या कॉम्प्युटरवर ती दर आठवड्याला ती खोली साफ करते. हाताला सवय आहे. बाबा खाली येईपर्यंत डिस्क थोडी मोकळी झालेली असेल, तर किती खूश होतील.

आपल्या खोलीत जा. इथलं सगळं काढून टाक. दोन ओळी.

सोलॅरिसच्या त्या मशीनमध्ये मालकाला वेगळी खोली नव्हती. सगळं घर हीच त्याची खोली. वहीतल्या त्या पानावर सोलॅरिसचा रकाना कोरा होता. ते पान दिवाळीनंतर भरायचं ठरलं होतं.

स्वप्नात ती ते मागून बघते. विशीतल्या त्या मुलीची वेणी, खांदे, हात. हाक मारावी म्हणते, पण तोंडातून पाण्याचा आवाज येतो. मुलगी कळ दाबते. साधं उत्तर यायला एक क्षण लागावा, तिथे एक मिनिट जातं. मुलगी पुढे वाकते. मग उभी राहते. मग एकदम दोन्ही हातांनी कळा दाबायला लागते, आणि मशीन आज्ञाधारकपणे थांबतं. पण आता थांबून काय उपयोग?

दारात बाबा. खरोखरही असेच उभे होते. त्यांनी पडद्यावरच्या दोन ओळी वाचल्या. मुलीच्या तोंडाकडे बघितलं नाही. मॉनिटरचं बटण दाबून पडदा काळा केला आणि खिडकीतला डबा उचलून टेबलावर ठेवला.

"डबा पोचला. तू घरी जा. आईला सांग, आज उशीर होईल."

एवढंच. त्या दिवशी एवढंच, आणि पुढची अठरा वर्षं त्याहून एक शब्द जास्त नाही. चौकशीत ते म्हणाले, मशीन माझ्या ताब्यात होतं, कमांड माझी. दर शनिवारी मशीनमधल्या आकड्यांची प्रत ज्यांवर उतरवून ठेवायचे त्या टेपा काढून लावल्या, तर त्या कोऱ्या निघाल्या. अकरा महिने टेप फिरत होती आणि तिच्यावर काही उमटत नव्हतं. अकरा महिन्यांचं पाणी गेलं. चौकशी चालू असलेल्या माणसाला सरकार ना-हरकत दाखला देत नाही, आणि दाखल्याशिवाय नोकरी सोडता येत नाही. पुण्याच्या कंपनीनं महिनाभर वाट बघितली. मग दुसरा माणूस घेतला.

"टेपा मी वाचून बघायला हव्या होत्या," आता बाबा म्हणतात. ते नदीत उभे आहेत, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. शेजारी पाण्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मोजखांब. ऊन तिरपं आहे. "दर शनिवारी लेबल लावून कपाटात ठेवत होतो. एकही परत लावून बघितली नाही. ती चूक माझीच."

"ती वेगळी."

"वेगळी कशी? जपून ठेवलंय म्हणत होतो, आणि ठेवलेलंच नव्हतं."

"बाबा, तुम्ही असं माझ्यासाठी सोपं करू नका."

"बरं," ते म्हणतात. आणि खरंच करत नाहीत. मोजखांबाकडे बघत राहतात.

तिला ते वाक्य म्हणायचंय. तीनच शब्द आहेत. पहिला शब्द ओठावर येतो आणि नदीचा काठ कॉलेजच्या वसतिगृहाचा जिना होतो. ती फोनच्या रांगेत उभी आहे, फोनवर बाबा विचारताहेत, "जेवलीस का?" पुन्हा तोंड उघडते तर जिन्याच्या जागी घरापुढचा मांडव, बाबांच्या तेराव्याची पंगत. आई दारात बसली आहे, आल्यागेल्याला सांगते आहे. डोळे पुसते आणि हसतेही. "माणूस सोन्यासारखा हो. पण बावीस वर्षं एका मशीनपाशी बसून एका बोटानं अकरा महिन्यांची नदी आटवली. नाहीतर पुण्याला असतो आम्ही. मी म्हणायचे त्यांना, आणि ते नुसते हसायचे." आईचं हे वाक्य या घरात अठरा वर्षं जुनं आहे. लग्नांत म्हटलं गेलंय, दिवाळीत म्हटलं गेलंय, बाबांच्या ताटात पोळी वाढता वाढता म्हटलं गेलंय. दर वेळी रेवती तिथेच होती. तेराव्यालाही होती, पंगतीत पाणी वाढत होती. त्या दिवशी तिनं काय केलं? पुढच्या भांड्यात पाणी ओतलं.

"ते मी केलं," ती म्हणते.

शेवटी निघतं. आवाज अगदी साधा, मीठ मागावं तसा.

मांडव नाही. जेवणाचं टेबल आहे. बाबा टायपिंग थांबवत नाहीत.

"मला कशाला सांगतेस? मी दारातच होतो."

"तुम्ही कधी विचारलं का नाही?"

"तू सांगशील असं वाटायचं. आधी वाटायचं सुट्टीला आलीस की सांगशील. मग वाटलं, नोकरी लागल्यावर. मग लग्न झाल्यावर." टक. टक-टक. "पुढे पुढे तुला विचारायची मलाच भीती वाटायला लागली. उगाच नाही म्हणालीस तर?"

ती खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसते, त्या दोन वर्षांत कधी बसली नव्हती तशी. दिवाळीनंतरच्या त्या दोन वर्षांत चौदा ठाण्यांवरून मागवलेले हातनोंदींचे गठ्ठे रोज संध्याकाळी या टेबलावर सुटायचे आणि बाबा एकटे गेलेले आकडे पुन्हा भरत बसायचे. चौकशीनं तसं सांगितलं नव्हतं. ती सुट्टीला यायची तेव्हा आतल्या खोलीत परीक्षेचं वाचायची, दार लोटून.

आत्ता गठ्ठा सुटलेला आहे. पातळ, जुनाट कागद, कार्बनखालच्या प्रती, आकडे जांभळे आणि फुगलेले. बाबांना एकाच वेळी कागद आणि कळा बघाव्या लागतात, म्हणून चष्मा कपाळावर-नाकावर, कपाळावर-नाकावर.

"मी सांगते. तुम्ही घाला," ती म्हणते.

"सांग. घाईत नको. ओळ चुकते."

ती बोट पहिल्या आकड्यावर ठेवते. "तीन पूर्णांक चार शून्य."

टक-टक. टक.

"तीन चार पाच. तीन पाच शून्य. हा सात आहे की एक?"

"कुठलं ठाणं?"

"बोरखडी."

"मग सात. तो माणूस सातला शेपटी काढायचा नाही. चार दिवस सलग पाऊस होता तेव्हा, पाणी चढलेलं होतं."

"चार सात शून्य." बोट खाली सरकतं. "पाच एक शून्य. पाच तीन पाच."

त्यांची दोन बोटं आणि तिचं एक. पान उलटतं. दुसरं उलटतं. बाहेर पाणी चढतंय असं वाटतं, कुठेतरी मोजखांब बुडत चाललाय, आणि ती वाचते आहे, तिला कधी नव्हे इतकं बरं वाटतंय आणि त्याचीच लाज वाटते आहे. हे तेव्हाही इतकंच सोपं होतं. एक खुर्ची ओढायची होती.

"किती राहिलं, बाबा?"

"जुलै चाललाय. मग ऑगस्ट."

"संपेल?"

"मी तर संपवलं होतं," ते म्हणतात. "कुणी बघितलं नाही, एवढंच. पुढचा आकडा?"

"बाबा, मी आणखी कुणाला सांगू?"

आतून भांड्यांचा आवाज येतो. बाबा मान जराशी त्या बाजूला वळवतात, चहाचा वास आल्यावर वळवायचे तशी, आणि पुन्हा दोन बोटं वर करून थांबतात, पुढच्या आकड्यासाठी. ती कागदावर बघते. आकडे पुसट होताहेत. बोट घट्ट दाबून धरलं तर राहतील असं वाटतं, म्हणून ती दाबते.

"अगं ए. ऊठ. चार वाजले. गाडी चुकवायचीय का?"

पंखा. पिवळा उजेड आता भिंतीवर चढलाय. छातीवरचे कागद जमिनीवर पसरलेत. आई पदराला हात पुसत समोर उभी आहे, आणि आत गॅसवर चहा उकळतोय. रेवती उठून बसते. टेबलाकडे बघते. टेबलावर मेतकुटाची डबी आहे, बाकी काही नाही.

"घामानं निथळलीस नुसती. तोंड धू." आई कागद गोळा करायला वाकते आणि तिची नजर रेवतीच्या हाताकडे जाते. "हे काय लागलंय बोटाला?"

उजव्या हाताची तर्जनी टोकाशी जांभळी आहे. टोकाच्या रेषा उठून दिसाव्यात इतकी.

"शाई असेल," रेवती म्हणते. आवाज बसलेला.

"शाई कुठली? तुम्ही लोक पेन तरी धरता का हातात?" आई शेजारी टेकते, तिचं बोट आपल्या हातात घेते आणि पदराच्या टोकानं पुसायला लागते, लहानपणी नाक पुसायची तशी, जरा जास्तच जोरात. बोटाचा रंग जात नाही, पण पांढऱ्या सुती पदरावर एक जांभळा ठसा उमटतो. आई पदर उजेडाकडे धरून बघते.

"कार्बनचं आहे हे," ती म्हणते. "तुझ्या बाबांच्या बोटाला असायचं. ते गठ्ठे घेऊन बसायचे ना, तेव्हा. दोन वर्षं उशांचे अभ्रे खराब केले. मी किती बोलायचे." ती पुन्हा बोटाकडे बघते. "घरात कार्बन कुठून आला आता?"

आत चहा वर येतोय, त्याचा आवाज दोघींना ऐकू येतो. आई उठायला जाते. रेवती तिचा हात सोडत नाही.

"बस, आई."

"अगं, उतू जाईल."

"जाऊ दे. बस जरा."

आई तिच्या तोंडाकडे बघते आणि बसते. बोट अजून तिच्या पदरात आहे.

"ती नदी बाबांनी नव्हती आटवली," रेवती म्हणते. "मी डबा घेऊन गेले होते त्या दिवशी."